वाडीत सगळेच फर्नांडिस

१. झाकलेलं तेल

घाईतला चोर तेल सांडतो. पण जत्रेच्या सकाळी खुरसाकडच्या फर्नांडिसांच्या घरातून ज्याने कुणी दिवली नेली, त्याने आधी तिच्यातलं तेल वाटीत ओतलं होतं, वाटीवर बशी झाकली होती आणि पाचही वाती बशीत नीट मांडून ठेवल्या होत्या. सांत आंतोनची मूर्ती जागची हलली नव्हती. आल्तारावरचा चांदीचा क्रूस, ज्याच्यावर कुठल्याही चोराची नजर आधी गेली असती, तोही होता तिथेच. गेली होती फक्त एक जुनी पितळी दिवली.

“सुगंधाबाय, सांजेक पालखी उठतली,” फिलू म्हणाली. “दिवली नाय तर पालखी नाय. आजपर्यंत कधी चुकाक नाय. माझ्याच वेळार ह्यां होवचा होतां?”

फिलूच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि कारणही तसंच होतं. गावदेवी सातेरीच्या जत्रेत पहिला मान या किरिस्तांव घराचा. गोष्ट जुनी आहे. दोन भाऊ होते, गोव्याकडून पाद्री आला, थोरल्याने बाप्तिस्मा घेतला, धाकटा होता तसाच राहिला. थोरल्याचा देव बदलला, मान मात्र कुणी बदलला नाही. आजही थोरल्याच्या घरची सून पेटती दिवली घेऊन देवळात येते, तेव्हाच धाकट्याच्या वंशातले गावकर पालखीला खांदा लावतात. सूनच का, तर लेक म्हणजे लग्न करून दुसऱ्या घरी जाणारी. मान घरात राहणाऱ्या बाईचा. फिलू नवरी होऊन आली त्या वर्षापासून दिवली तिच्या हातात होती.

पोलिसांचं नाव काढायचं नाही, हे तिने आधीच बजावलं. जत्रेच्या दिवशी दारात पोलीस आले तर गावात नाक उरणार नाही. शिवाय शेजारीच सुगंधाबाई पेडणेकर असताना पोलीस कशाला? पंचायतीच्या नळांच्या तोट्या कोण काढून नेतो, हे या बाईंनी आपल्या ओट्यावर तांदूळ निवडता निवडता सांगितलं होतं.

सुगंधाबाई निवृत्त पोस्टमास्तर. वाडीत नजर टाकावी तितकी घरं फर्नांडिस, आणि त्यातही मिंगेल चार. फर्नांडिस म्हणजे पोर्तुगिजांच्या भाषेत फर्नांडोचा मुलगा. हा फर्नांडो कोण, त्याने आपल्या खाडीकाठच्या खाजणात कधी पाय ठेवला का, कुणालाच ठाऊक नाही. म्हातारे सांगत, बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं हे आडनाव, त्याने सगळ्यांना ओळीने बसवून तेच वाटलं. असे फर्नांडिस वसईपासून मंगळूरपर्यंत पसरलेले. ज्याला बायको नाही, लेकरू नाही, त्याच्या आडनावाने वाडी भरली, असं सुगंधाबाई हसून म्हणत. कुठलं टपाल कुणाचं ते घराच्या नावावरून ओळखावं लागे: हे खुरसाकडचे, म्हणजे वाडीच्या क्रूसाजवळचे, ते तरीवरचे, म्हणजे होडी लागायची तिथले. तेवढ्यातून त्यांना माणसं वाचायची सवय लागली.

रोजू चहा घेऊन आली. ही फिलूची नणंद, साठीतली, बिनलग्नाची, घराचं सगळं मागचं अंगण सांभाळणारी.

“रातीच सोलां भिजत घातलेली,” ती म्हणाली. दरवर्षी जत्रेच्या सकाळी कोकमाच्या सोलांनी दिवली घासून उजळवायची, हे काम तिचं. “उजळवूक म्हणान सकाळी हात घालूक गेलंय, तर दिवली खंय?”

कप पुढे करताना तिच्या बोटांच्या पेरांत काळं साचलेलं दिसलं. चुलीशी वावरणाऱ्या बाईचे हात, सुगंधाबाईंनी मनावर घेतलं नाही. फिलूने रोजू आत जाईपर्यंत वाट पाहिली आणि आवाज उतरवला.

“एक गजाल तुका सांगूक नाय. ह्या वर्सा दिवली मी नेवची नाय होती. रियाच्या हातात देतलंय होतंय. आमची होतली सून ती.”

२. पोटातलं दुखणं

रियाचं नाव ऐकलं आणि सुगंधाबाईंना चहा कडू लागला.

रिया तरीवरच्या मिंगेलची पुतणी. मुंबईत वाढलेली. आडनावं कुठून आली आणि कुठवर पसरली याचा अभ्यास करायला पावसाळ्याआधी वाडीत आली आणि येताच फिलूच्या स्वयंपाकघरात घुसली. तोवर फिलूच्या घरातलं मीठ संपलं तरी सुगंधाबाईंना आधी कळायचं. आता कुंपणाशी उभं राहून हाक मारावी, तर आतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. फिलूचा मुलगा आग्नेल मालवणात पर्यटकांना होडीतून फिरवतो. त्याचं नि रियाचं जमलंय ही बातमी सुगंधाबाईंना मासेवालीने सांगितली. बांगडे मोजता मोजता सांगितली. ते ऐकून पोटात जे दुखलं त्याला हेवा म्हणतात, हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग नव्हता. आणि ती मुलगी त्यांना आँटी म्हणायची.

म्हणून चोराचा विचार करताना त्यांच्या डोळ्यांसमोर पहिला चेहरा आला तो रियाचा, आणि त्यांना तो फार आवडला. जुन्या वस्तूंचं वेड हिला. दिवलीचे फोटो हिनेच काढलेले. कुठल्या संग्रहालयात नाव मिळवायला नेली नसेल कशावरून?

वाडीच्या नाक्यावर मासेवाली भेटली. रियाला पाहिलंस का, असं सुगंधाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं. पाहिलं होतं. उजाडताना एसटीच्या थांब्यावर एकटीच उभी होती, कडेवर तांबड्या फडक्यात बांधलेलं काहीतरी. गोल होतं आणि जड होतं, कारण ती सारखी हात बदलत होती.

“खंय जातंस म्हणान इचारलंय,” मासेवाली म्हणाली, “तर म्हणाली, कुणाक सांगा नको.”

सुगंधाबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी नको असताना पापलेट घेतलं.

३. तांबडं फडकं

रिया परत येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या देवळात गेल्या. मंगेश गावकर मंडपाच्या दोऱ्या ताणून घेत होता. पालखीला पहिला खांदा त्याचा, पण फिलूच्या दिवलीनंतर. सबंध गावासमोर दरवर्षी दुसरं उभं राहणं कुणाला आवडेल? दुसरं उभं राहणं म्हणजे काय, ते सुगंधाबाईंना अलीकडे चांगलंच समजायला लागलं होतं.

दिवली गेल्याचं ऐकून मंगेश मंडपातच खाली बसला. त्याचा पहिला प्रश्न फिलूबद्दल नव्हता, पालखीबद्दल होता.

“थोरल्याची दिवली नाय, तर धाकट्यान खांदो लावचो कसो? पालखी जाग्यार रवतली. आनी लोक काय म्हणतले? गावकरांनीच लपवल्यानी, दुसरा काय?”

खरं होतं. दिवली गेल्याने त्याला पहिला मान मिळत नव्हता. होता तोही जात होता. असल्या फायद्यासाठी कुणी चोरी करत नाही. मंगेशचं नाव त्यांनी मनातून काढून टाकलं आणि त्या फिलूकडे परतल्या.

मागल्या दारी फिलूचा आवाज चढला होता. कोंबड्या रोजूच्या पायांभोवती गोळा झाल्या होत्या आणि रोजू त्यांना मुठीने तांदूळ टाकत होती.

“कोंबडेंक तांदूळ? कोंड्याचो डबो भरलेलो आसा मा?”

“ध्यान नाय रवला,” रोजू म्हणाली आणि विहिरीकडे वळली. फिलूने कपाळाला हात लावला. दिवलीच्या काळजीने रोजूचंही डोकं ठिकाणावर नाही, असं ती सुगंधाबाईंना सांगत होती, तेवढ्यात फाटक वाजलं. रिया आली होती. धुळीने माखलेली, घामाघूम, आणि काखेत ते तांबडं फडकं. रिकामं.

“काय होतं त्यात?” सुगंधाबाईंनी विचारलं. कचेरीतल्या मराठीत विचारलं. माणसाला परकं करायचं असलं की त्या ती भाषा काढत.

रियाने एकदा फिलूकडे पाहिलं. फिलूने ‘सांग’ म्हणून मान हलवली.

“नारळ,” रिया म्हणाली. “चांगले पाच होते. आणि मेणबत्त्या.”

४. आरोंद्याचा राखणदार

तिने जे सांगितलं ते असं. तरीवरच्या घरातून दरवर्षी या दिवसांत आरोंद्याच्या बाजूच्या एका राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गुपचूप नारळ जातात. मिंगेलकाकांचे गुडघे यंदा चालेनात, म्हणून त्यांनी तिला पाठवलं. हे कळलं तेव्हा तिच्या अभ्यासाची गाठ सुटली. राखणदार आरोंद्याचा, म्हणजे मूळ घर आरोंद्याकडचं. तरीवरचे लोक या वाडीत मागाहून होडीने आले, इथल्या पाद्रीकडून बाप्तिस्मा घेतला, आणि पाद्रीने वाडीला दिलं होतं तेच आडनाव त्यांनाही दिलं. खुरसाकडच्यांचा देव सातेरी, यांचा राखणदार दूर खाडीपलीकडचा. दोन घरांचं आडनाव एक, रक्त एक नाही.

“आडनाव एक म्हणजे भावकी, असं धरून वाडीतल्या वाडीत कुणी लग्नच केलं नाही आजवर,” रिया म्हणाली. “फिलू आँटींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्याच. म्हणाल्या, मग अडचण कसली?”

सुगंधाबाईंना तिचं बोलणं पटलं, आणि पटलं म्हणून जास्त राग आला. पण हिशेब सरळ होता. जी दिवली सांजेला सगळ्या गावासमोर आपल्या हातात मिळणार, ती सकाळी कोण चोरेल? रिया सुटली. इतका लाडका संशयित सोडताना त्यांना खरंच वाईट वाटलं.

उरला मिंगेल. चर्चच्या दर फेस्ताला दोन घोट पोटात गेले की ‘पयले फर्नांडिस आमी’ म्हणून ओरडणारा. सुगंधाबाई तरीवर गेल्या. पूल झाल्यापासून होडी बंद होती, तरी मिंगेल रोज तिथेच जाळं विणत बसायचा. त्यानेही लग्न केलं नव्हतं. दिवलीचं ऐकून तो हसला.

“माका काय करूची ती? सातेरीकडे आमचो मान नाय, माका ठावक आसा. नारळ आमचे खंय जातत, ता तुका सांगल्यान मा रियान?”

“मगे खुरसाकडच्यांचो इतको राग कित्याक करतंस?”

मिंगेलने विणकाम खाली ठेवलं. 

“एकदा मागणी घेवन गेललंय थंय. बापूस नि मी. आवशीन गुळा-नारळाचो दोदोल केलेलो. फिलूच्या सासऱ्यान दारातच सांगल्यान, आडनाव एक, रगात एक, भैणीक मागणी घालतंस? दोदोल तसोच परत हाडलो.”

“आनी तुझ्या बापाशीन आरोंद्याचा सांगूक नाय?”

“कसा सांगतलो? किरिस्तांव होवन राखणदाराक नारळ दितत, ता पाद्रीक कळला असता तर? बापूस वगी रवलो. मीय वगी रवलंय.”

कुणाला मागणी घातली, ते त्याने सांगितलं नाही. सुगंधाबाईंनी विचारलंही नाही. त्यांची बदली या गावात होण्याआधीची ही गोष्ट. पण त्या घरात तेव्हा लग्नाची मुलगी एकच होती.

५. काखेत कळसा

परतताना त्या सावकाश चालल्या. मंगेशला दिवली जाऊन नुकसान, रियाला नुकसान, मिंगेलला तिचा उपयोग नाही. मग प्रश्नच चुकला होता. दिवली कुणाला हवी होती, हे विचारायचंच नव्हतं. ती रियाच्या हातात गेलेली कुणाला बघवणार नव्हती, हे विचारायचं होतं.

अशी वाडीत एकच बाई त्यांना माहीत होती, आणि ती पोस्टमास्तर होती.

स्वतःवरच हसू यायच्या आत दुसरं नाव समोर आलं, आणि सुगंधाबाई जागीच थांबल्या. आपल्याला मासेवालीकडून बातमी कळली एवढ्यावर आपण इतके महिने जळतोय. जिने फिलूचं ते हसणं भिंतीआडून ऐकलं असेल, तिचं काय झालं असेल?

त्या थेट मागच्या अंगणात गेल्या. धुण्याच्या दगडावर तांबूस डाग होता आणि त्यात पितळेचा काळा मळ. केळीच्या बुंध्याशी सोलं पडली होती, पिळून चोथा झालेली. रोजू विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिने सुगंधाबाईंची नजर कुठे गेली ते पाहिलं.

“तू म्हणालंस, उजळवच्या आधीच दिवली गेली,” सुगंधाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “मगे सोलां पिळल्यान कोणी? तेल वाया जाव नये म्हणान झाकून ठेवणारी तू, कोंडो आसताना कोंबडेंक तांदूळ घातलंस. डबो उघडूचो नाय होतो, म्हणान मा?”

रोजू वळली. पडवीत जाऊन तिने कोंड्याचा डबा ओढला, कोपरापर्यंत हात घातला आणि दिवली वर काढली. उन्हात ती सोन्यासारखी झळकली. सगळी सकाळ गावभर जिला शोधलं ती घरातच होती, काखेत कळसा नि गावाला वळसा.

“लपवूची तर लपव, पण उजळवलंस कित्याक गो?”

“काळी दिवली जत्रेक ठेवची कशी?” रोजूला प्रश्नच समजला नाही. मग ती पायरीवर बसली. “उद्या परत जाग्यार ठेवतलंय होतंय. ह्या वर्सा ती कोणाच्याच हातात जाव नये, इतक्याच. रियाचो राग नाय माका, बरां चेडू आसा. पण तरीवरच्या त्याच घरातला, त्याच आडनावाचा. आनी सगळी हसतत, म्हणतत अडचण कसली. माका नाय म्हटल्यानी, तेव्हा कोण हसाक नाय. दर वर्सा मी उजळवतंय, दर वर्सा दुसरी कोण घेवन जाता. जळता गो माका. काय करू?”

 सुगंधाबाई तिच्या शेजारी बसल्या. स्वयंपाकघराच्या दारात फिलू आणि रिया कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. फिलूचा चेहरा उतरला होता. नवी नवरी असताना दारातून परत गेलेला तो दोदोल तिनेही पाहिला होता, आणि ती तो साफ विसरून गेली होती.

सुगंधाबाईंच्या मनात एक वाक्य तयार झालं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात रियाने तेच म्हटलं.

“दिवली रोजू आँटींनी न्यावी.”

“लेक नेत नाय,” फिलू पुटपुटली.

“लेक का नेत नाही? ती दुसऱ्या घरी जाते म्हणून. या कुठे गेल्या?”

बोलायचं ते सगळं हीच बोलून गेली, म्हणून सुगंधाबाई मनातल्या मनात चरफडल्या. फिलू मात्र आत गेली. ती झाकलेली तेलाची वाटी आणि त्या पाच वाती घेऊन आली, आणि नणंदेसमोर खाली बसून दिवलीत तेल ओतू लागली. तिने एक थेंबही सांडू दिला नाही.

६. कुणाच्या घरची

ऊन कलताना रोजू निघाली. अंगावर फिलूची जत्रेची साडी, हातात पाच पेटत्या वातींची दिवली. मागे फिलू, रिया, आग्नेल, आणि सगळ्यांत मागे सुगंधाबाई. वाडीतल्या बायका दारांत येऊन बघत होत्या. लेक दिवली नेते हे कुणी पाहिलेलं नव्हतं, कुजबूज होतच होती. पण वात विझली नाही, आणि पेटत्या दिवलीला वाटेत अडवायची छाती कुणाला झाली नाही.

देवळाच्या पायरीशी मंगेश गावकर उभा होता. दिवली आली की थोरल्याच्या घराला धाकट्याने एक प्रश्न विचारायचा, अशी रीत आहे. फिलू दरवर्षी ‘खुरसाकडची’ एवढंच सांगायची आणि पालखी उठायची.

“दिवली खंयच्या घराची?” मंगेशने विचारलं.

रोजूने तोंड उघडलं आणि ती थांबली. गर्दीच्या कडेला, पिंपळाच्या पाराला धरून मिंगेल उभा होता. सातेरीच्या जत्रेला तो कधीच येत नसे. दुखऱ्या गुडघ्यांनी एवढी चढण चढून आला होता आणि टोपी काढून हातात धरली होती. लग्न झालं असतं तर रोजूचं घर बदललं असतं, देवही बदलला असता, आडनावाचं एक अक्षरसुद्धा बदललं नसतं.

“फर्नांडिसांची,” रोजू म्हणाली.

मागे कुणीतरी खुसखुसलं. वाडीत सगळेच फर्नांडिस, त्यातले नेमके कुठले? मंगेशने तिच्याकडे पाहिलं, पाराकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं नाही. तो वळला आणि त्याने पालखीला खांदा लावला.

ढोल सुरू झाले. दिवलीच्या नक्षीत कोंड्याचे चार कण अडकून राहिले होते, ते फक्त सुगंधाबाईंना दिसले. चोर सापडला होता, मान राहिला होता, रियाने वाटेत त्यांचा हातही धरला होता. खरं म्हणजे त्यांना समाधान वाटायला हवं होतं. पण पाराशी उभा असलेला मिंगेल रोजूकडे ज्या नजरेने बघत होता, ती बघून त्यांच्या पोटात पुन्हा तेच दुखणं उठलं. त्यांच्याकडे असं कधी कुणी पाहिलं नव्हतं, त्यांच्या यजमानांनीसुद्धा नाही. त्यांनी पदर सावरला आणि त्या पालखीच्या मागून चालू लागल्या.